कॉकाटील एकटीच अंडी घालतेय? अंडी उचलू नका, आधी घरातला लाईट बघा

घरात एकच कॉकाटील, म्हणजे तो तुरेवाला छोटा पोपट, नर नाही, शेजारीपाजारी कुणाकडे नाही, आणि एक दिवस पिंजऱ्याच्या तळाशी पांढरंशुभ्र अंडं. मग सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, नर नाही तर अंडं आलं कुठून? अहो, आपण डझनाने आणतो त्या पोल्ट्रीच्या अंड्यांना तरी कुठे कोंबडा लागतो. पक्ष्याच्या मादीला अंडं घालायला नर लागत नाही, अंडं फळायला लागतो. नर नसेल तर त्या अंड्यातून पिल्लू कधीच निघणार नाही, पण अंडं बनवायला शरीराचा जो खर्च होतो तो तेवढाच होतो, आणि काळजी करायची ती या खर्चाची.

दुसरी गंमत म्हणजे खूप घरांत पक्षी मादी आहे हेच अंड्यामुळे कळतं. दुकानदाराने नर म्हणून दिलेला असतो, नाव राजा ठेवलेलं असतं, आणि राजा एका सकाळी राणी होतो. लहानपणी दोघं सारखेच दिसतात. पहिली पिसं झडून नवीन आली, म्हणजे साधारण सहा ते नऊ महिन्यांनंतर, की नेहमीच्या करड्या रंगातल्या नराचं तोंड पिवळंधमक होतं आणि तो शिट्ट्या मारायला लागतो, मादीचं तोंड करडंच राहतं आणि शेपटीच्या खालच्या बाजूला बारीक आडवे पट्टे राहतात. लुटिनो (पिवळट-पांढऱ्या) किंवा पाईड (अंगावर पांढरे-पिवळे डाग असलेल्या) जातीत हे ओळखणं अवघड, तिथे डीएनए टेस्ट करा नाहीतर अंड्याची वाट बघा.

आता हे अंडं शरीरात बनतं कसं ते थोडक्यात बघू, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप पटतं. मादीच्या पोटात काम करणारं अंडाशय एकच असतं, डावं. दिवस मोठा झाला, खायला भरपूर मिळायला लागलं की मेंदूतून हार्मोन्स सुटतात, अंडाशयात बलक तयार होतो, मग तो नळीतून खाली सरकताना त्याच्याभोवती पांढरा भाग आणि पातळ पडदा चढतो आणि सगळ्यात शेवटी कवच. नळीतलं बाकी सगळं काही तासांत उरकतं पण कवचाला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. कवच म्हणजे बहुतेक सगळं कॅल्शियम कार्बोनेट, आणि एवढं कॅल्शियम रक्तात आयतं पडलेलं नसतं. म्हणून मादीचं शरीर आधीच काही हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा जादा साठा करून ठेवतं आणि कवच बनवताना तो काढून वापरतं. खाण्यातून तो साठा परत भरला गेला तर ठीक, नाहीतर पुढच्या अंड्याला स्वतःची हाडं पोखरूनच कॅल्शियम द्यावं लागतं.

वजनाचा हिशोब करा. कॉकाटील साधारण ८० ते १०० ग्रॅमची, अंडं ५-६ ग्रॅमचं, अडीच सेंटीमीटर लांब. एका वेळेला ४ ते ७ अंडी, दिवसाआड एक. म्हणजे पाच अंडी घातली तर दहा दिवसांत तिने स्वतःच्या वजनाचा पाव ते तिसरा हिस्सा बाहेर काढला. वर्षातून एकदा हे झालं तर धडधाकट पक्षी सहज झेपवतो. पण एक घाणा (म्हणजे एका वेळची सगळी अंडी) झाला, महिन्याभरात दुसरा, मग तिसरा, असं सुरू झालं की हाडं ठिसूळ होतात, कवच मऊ यायला लागतं आणि अंडं आत अडकायची भीती वाढते. त्यामुळे एक अंडं दिसलं म्हणून घाबरायचं नाही, आणि सहा महिन्यांत वीस अंडी झाली तर 'अरे वा' पण म्हणायचं नाही.

बरं, मुळात ती अंडी का घालते? कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला. तिथे पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे हे पक्षी थव्याने भटकत राहतात आणि जिथे पाऊस पडून गवताला बी धरलं तिथे झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. एखादा ठरलेला महिना नाही, संधी दिसली की घातली. ती संधी ओळखायच्या तिच्या खुणा म्हणजे मोठा दिवस, भरपूर आणि सोपं खाणं, अंधारी बंदिस्त जागा, आणि जोडीदार. आता आपल्या फ्लॅटमध्ये या. हॉलमधली ट्यूबलाईट आणि टीव्ही रात्री साडेअकरापर्यंत चालू, म्हणजे तिच्या हिशोबाने सोळा-सतरा तासांचा दिवस. वाटी कायम भरलेली, वर आजी प्रेमाने गरम वरणभात भरवतात. सोफ्याखाली मस्त अंधारी जागा. आणि जोडीदार? तो तर तुम्हीच, दिवसभर मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवताय. म्हणजे ऑस्ट्रेलियात जे चांगल्या पावसाच्या वर्षी जुळून येतं ते आपल्याकडे बाराही महिने.

लाईटचं हे मी उगाच सांगत नाहीये. लेयर, म्हणजे अंड्यांसाठीच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये दिवे लावून दिवस सोळा तासांच्या आसपास नेतात तो हेच साधायला, थंडीत दिवस लहान झाला की कोंबड्यांची अंडी कमी होतात म्हणून. तुमचा हॉल नकळत तेच काम करतोय.

आता अंडं आधीच आलेलं असेल तर काय करायचं. इथे जवळजवळ सगळे जण एकच गोष्ट करतात, अंडं उचलून टाकून देतात, वाटतं की अंडं दिसलं नाही की ती विसरेल. होतं नेमकं उलटं. काही पक्षी ठराविक आकडा घालूनच थांबतात, कॉकाटील तसली नाही. तिला खाली पुरेशी अंडी जाणवली की शरीर घालणं बंद करून बसण्याच्या मोडमध्ये जातं. तुम्ही उचललं की तिला वाटतं कमी पडलं, ती अजून एक घालते, तुम्ही तेही उचलता, आणि हा खेळ तिच्या हाडांच्या जिवावर चालू राहतो. गावाकडे ज्यांनी कोंबड्या पाळल्यात त्यांना हे सांगायला नको, रोज अंडी काढत राहिलं तर कोंबडी घालत राहते, आणि अंडी साठू दिली की खुडूक होऊन बसते. आपल्याला इथे नेमकी खुडूकच हवी आहे.

तर अंडी तिथेच राहू द्या. पिंजऱ्यात खाली जाळी असेल तर त्यावर साधा कागद किंवा जुन्या सुती कपड्याची घडी ठेवा, म्हणजे अंडी घरंगळून फुटणार नाहीत, कपड्याचे धागे सुटलेले नसावेत, नखं अडकतात. यासाठी मडकी किंवा पेटी आणून द्यायची नाही, तो तर आणखी घाला असा आग्रह झाला. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने हलकेच तारीख लिहा, कुठलं कधीचं ते कळतं आणि नवीन आलं की लगेच लक्षात येतं. एखादं फुटलं किंवा तडकलं तर मात्र काढा आणि त्याजागी प्लॅस्टिकचं डमी अंडं ठेवा, कॉकाटीलच्या मापाची डमी अंडी ऑनलाईन मिळतात. पहिल्यापासूनच डमी ठेवली तरी चालतं, आणि काही जणी डमी बघून लवकर थांबतात. अंड्यातून पिल्लू येतं ते १८ ते २१ दिवसांत, त्यामुळे तीन आठवडे किंवा थोडं जास्त ती बसेल, मग काहीच होत नाही म्हणून स्वतःच कंटाळून उठायला लागेल, दिवसदिवस अंड्यांकडे फिरकणार नाही. तेव्हा काढा, आणि काढल्यावर त्याच दिवशी पिंजऱ्याची जागा आणि आतल्या दांड्यांची मांडणी बदला.

बसलेली असताना ती फिसकारेल, चोच मारेल, तुमची लाडकी असली तरी. मनावर घ्यायचं नाही. आणि सकाळी एकदा एवढी मोठी आणि वास मारणारी शी करेल की तुम्ही डॉक्टरांना फोन करायला जाल. घाबरू नका, बसण्याची जागा घाण होऊ नये म्हणून ती तासन् तास धरून ठेवते आणि मग एकदम सोडते. फक्त ती दिवसातून काही वेळा उठून खाते-पिते ना एवढं बघा, नाही उठली तर वाटी जवळ नेऊन ठेवा. घरात नर असेल आणि पिल्लं नको असतील तर मात्र अंडं ताजं असतानाच उकळून, पूर्ण गार करून परत ठेवायचं, किंवा सरळ डमीशी अदलाबदल. दहा दिवस बसल्यावर हा विचार सुचला तर उशीर झालेला असतो.

हा घाणा निभावला की खरं काम सुरू होतं, घरातला सीझन बंद करायचा. सगळ्यात जास्त फरक लाईटने पडतो. तिला सलग १२ ते १४ तास अंधार द्या, काही आठवडे. सलग हा शब्द महत्त्वाचा आहे, मध्ये रात्री पाण्याला उठून कुणी लाईट लावला तर मोजणी बिघडते. महाराष्ट्रात उन्हाळ्यात दिवस तेरा तासांचा होतो आणि डिसेंबरात अकरावर येतो, आपल्याला तिच्यासाठी डिसेंबर करायचाय. हॉलमध्ये हे जमणं अवघड, वन बीएचकेवाल्यांची अडचण मला कळते, अशा वेळी रात्रीपुरता छोटा वेगळा पिंजरा बेडरूममध्ये किंवा आतल्या शांत खोलीत ठेवून संध्याकाळी सातला तिला तिथे न्यायचं आणि जाड गडद सुती कापडाने झाकायचं. मे महिन्यात कापड चारी बाजूंनी गच्च ओढू नका, हवा खेळायला एक बाजू भिंतीकडे उघडी ठेवा. कॉकाटील अंधारात अचानक दचकून फडफडतात, तेव्हा आवाज आला तर आधी हळू बोला, मग बारीक उजेड करा.

मग हात. डोकं, गाल, मानेच्या वरपर्यंत खाजवायचं, बास. पाठ, पंखाखाली, पोट, शेपटीच्या बुडाशी हात नाही. तिला तो लाड वाटत नाही, जोडीदाराचं बोलावणं वाटतं. खूण ओळखायची सोपी आहे, ती तुमच्या हातावर किंवा दांडीवर खाली दबते, शेपटी वर करते आणि बारीक चीं चीं चीं असा सलग आवाज काढते. त्यावर हसून व्हिडिओ काढत बसतात लोक! तसं झालं की ओरडू नका, रागावू नका, नुसतं शांतपणे तिला स्टँडवर ठेवून उठून जा, दहा मिनिटांनी दुसऱ्याच खेळात घाला. घरातल्या सगळ्यांनी हे पाळलं तरच उपयोग, एकाने सोडलं आणि दुसऱ्याने कुरवाळलं तर ती त्याची होते.

जागांचं तर विचारू नका. पेट शॉपवाले पिंजऱ्याबरोबर हौसेने मडकी किंवा लाकडी पेटी लावून देतात, 'झोपायला' म्हणून. कॉकाटील दांडीवर झोपते. ती मडकी काढा, झोपडी, कापडी तंबू, नारळाची करवंटी, सगळं काढा. बाहेर सोडल्यावर सोफ्याखाली, कपाटाच्या फळीमागे, चपलांच्या खोक्यात, उघड्या ड्रॉवरमध्ये जात असेल तर त्या वाटा बंद करा. आरसा काढा. माझ्या ओळखीच्या एका घरात मादी रोज दुपारी टीव्ही युनिटच्या मागे गायब व्हायची, वायरींच्या वर बसून वर्तमानपत्राच्या सरळ लांब पट्ट्या काढायची, एकीच्या शेजारी एक अशा रचायची, आणि घरचे कौतुकाने तिला रोज नवा पेपर द्यायचे. तिथेच तिने चार अंडी घातली. युनिट भिंतीला टेकवलं, पेपर बंद केला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आता खाणं, आणि इथे थोडं जपून, कारण लोक एकदम टोकाला जातात. नुसतं कांगणी, बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया हे आपल्याकडचं ठरलेलं जेवण, त्यात कॅल्शियम आणि व्हिटॅमिन ए दोन्ही कमी आणि सूर्यफुलात चरबी भरपूर. म्हणजे अंडं घालायला उत्साह देणारं, आणि कवच बनवायला काहीच न देणारं. अंडी घालत असताना किंवा बसलेली असताना खाणं कमी करायचं नाही, उलट तेव्हा कॅल्शियम हवंच. पिंजऱ्यात कटलबोन (माकुळाचं आतलं पांढरं कवच) कायम टांगलेलं असू द्या, काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळतो तोच हा. अंड्याचं टरफल दहा मिनिटं उकळून, वाळवून, बारीक कुटून दिलं तरी चालतं. शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर, लाल भोपळा रोज थोडं. पालक अधूनमधून ठीक पण त्यातली ऑक्झलेट्स कॅल्शियम अडवून धरतात, म्हणून कॅल्शियमसाठी पालकावर विसंबू नका.

घाणा संपल्यावर मग सूर्यफूल बक्षिसापुरतं ठेवायचं, गरम मऊ खाणं म्हणजे भात, खिचडी, दुधात भिजवलेला पाव बंद, कारण नर मादीला आणि आईबाप पिल्लांना असलंच मऊ भरवतात. वाटी दिवसभर भरून ठेवण्यापेक्षा मोजून दोन वेळा द्या, बाकी थोडं कागदाच्या पुडीत, जाड दोरीच्या गाठीत लपवा म्हणजे शोधण्यात तिचा वेळ जाईल. पेलेट्सवर (तयार दाणेदार खाद्यावर) आणायचं असेल तर काही आठवडे घेऊन, बियांमध्ये मिसळत मिसळत, आणि किचनच्या ग्रॅमवाल्या काट्यावर रोज सकाळी वजन करत. हट्टाने 'भूक लागली की खाईल' म्हणून बसलात तर एवढा छोटा पक्षी दोन-तीन दिवसांत गंभीर आजारी पडतो.

कॅल्शियम पोटात गेलं तरी अंगी लागायला व्हिटॅमिन डी लागतं, आणि ते उन्हातून. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यासाठी कामाचं नाही, काच नेमके ते किरण अडवते. सकाळी पिंजरा गॅलरीत, अर्धा उन्हात अर्धा सावलीत, आणि तुम्ही शेजारी, कारण कावळे आणि मांजरं दोघंही टपून असतात. बाटलीतले डी-थ्रीचे थेंब स्वतःच्या मनाने घालू नका, जास्त झाले तर किडनीवर येतं.

आता जे वाचून लक्षात ठेवायचंच ते. अंडं अडकणं. अंडं घालायच्या बेतात असलेली मादी अचानक पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, डोळे अर्धवट मिटलेले, शेपटी प्रत्येक श्वासाला वरखाली हलतेय, जोर करतेय पण काही येत नाही, शी बंद झालीय किंवा नुसतं पाणी, पाय पांगळे पडल्यासारखे, दांडी धरता येत नाही, हे दिसलं की रविवार असो नाहीतर दिवाळी, त्याच दिवशी डॉक्टर. पाय लुळे पडतात ते अंडं नसांवर दाबतं म्हणून. 'उद्या सकाळी बघू' मध्ये पक्षी जातात. डॉक्टरकडे पोचेपर्यंत तिला छोट्या खोक्यात किंवा पिंजऱ्यात उबेत ठेवा, ३० अंशांच्या आसपास, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी एका बाजूला, म्हणजे जास्त गरम वाटलं तर तिला दुसरीकडे सरकता येईल. हवा थोडी दमट राहायला कोमट ओला टॉवेल जवळ. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारं ते एरंडेल तेल लावून पोट चोळणं, दाबणं, बोटाने ओढणं यातलं काहीही करायचं नाही. अंडं आत फुटलं किंवा नळी बाहेर आली तर जीव वाचवणं फार कठीण होतं.

डॉक्टर बहुधा आधी ऊब, सलाईन आणि कॅल्शियमचं इंजेक्शन देतात, एक्स-रे काढतात (मऊ कवचाचं अंडं एक्स-रेत नीट दिसतही नाही), गरज पडली तर आकुंचन आणणारं औषध, आणि तरीही नाही आलं तर सुईने अंड्यातलं द्रव ओढून अंडं आकसवतात. हे ऐकायला भयंकर वाटतं पण अनुभवी हातात होतं. अजून एक प्रकार म्हणजे बलक नळीत न जाता पोटात सांडतो, पोट फुगतं, धाप लागते, अंडं तर दिसत नाही, तेही तेवढंच तातडीचं.

अडचण ही की आपल्याकडचे बहुतेक व्हेट कुत्र्यामांजरांचे. पक्ष्यांचा हात असलेला डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा, नंबर, वेळ, रविवारी कोण असतं ते सगळं. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल बऱ्याच जणांना माहीत असतं, मांज्यात कापलेले पक्षी घेऊन लोक तिथे जातात. गावात असाल तर जवळच्या मोठ्या शहरातला डॉक्टर निदान फोनवर तरी बोलेल असा हवा.

आणि लाईट, हात, जागा, खाणं सगळं पाळूनही ती थांबत नसेल, घाण्यावर घाणा चालूच असेल, तर औषधं आहेत. ल्युप्रोलाईडचं इंजेक्शन मेंदूकडून अंडाशयाला जाणारा हुकूम काही आठवडे थांबवतं, आणि डेस्लोरेलिन नावाचं तांदळाएवढं इम्प्लांट कातडीखाली बसवलं तर काही महिने. दोन्ही स्वस्त नाहीत आणि सगळीकडे मिळतही नाहीत. कुत्रीमांजरीसारखं ऑपरेशन का करत नाहीत असं लोक विचारतात, तर एवढ्या छोट्या पक्ष्यात अंडाशय मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेलं असतं, म्हणून केलंच तर नळी काढतात, अंडाशय तसंच ठेवतात, आणि भूल धरून सगळ्यात धोका असतोच, त्यामुळे ते अगदी शेवटचं. इंजेक्शन घेऊन घरी रात्री बारापर्यंत लाईट चालू ठेवला तर पैसे पाण्यात, हे वेगळं सांगायला नको.

'जोडी लावून टाका, शांत होईल' हा सल्ला हमखास मिळतो. नाही होत. नर आला की जोडीदाराची खूण पक्की झाली, आता अंडी फळणार, पिल्लं होणार, त्यांना घरं शोधायची, आणि मादीचा खर्च तेवढाच किंवा जास्त. तिला सोबत हवी म्हणून दुसरा पक्षी आणणं हा चांगला विचार आहे, पण तो अंडी थांबवायचा उपाय नाही, आणि आणायचाच तर दुसरी मादी आणा, तीही डीएनए टेस्ट करून. दोन माद्याही एकमेकींना जोडीदार मानून अंडी घालू शकतात हे मात्र धरून चाला.

पुढच्या वेळी अंड्याची वाट बघू नका. ती कागदाच्या पट्ट्या काढायला लागली, अंधारे कोपरे धुंडाळायला लागली, कटलबोन नेहमीपेक्षा जास्त कुरतडायला लागली, सकाळचं वजन काही दिवसांत पाच-सात ग्रॅमने चढलं, की अंडं आठवड्यावर आलं असं समजा. पहिले दोन प्रकार दिसले त्याच संध्याकाळी सातला पिंजरा झाका, कोपरे बंद करा, बऱ्याचदा तेवढ्यावर निभावतं. वजन चढलं असेल आणि शेपटीखालचा भाग सुजल्यासारखा दिसत असेल तर अंडं निघालेलंच आहे, ते आता थांबायचं नाही, तेव्हा खाणं आवळू नका, कटलबोन नवीन लावा आणि डॉक्टरांचा नंबर फ्रीजवर चिकटवा.